जुनं सगळं साफ

आनंदी गवस कशाकशाला भिते हे पाळी गावात कुणालाही विचारा, सांगणारा आधी हसेल आणि मग ऐसपैस बसून घेईल, कारण हे लवकर आटपणारं नाही. ती गॅसच्या सिलिंडरला भिते. विजेच्या बटणाला भिते. हात कोरडा असला तरी पाटावर उभी राहूनच ते दाबते. फेरीबोटीत चढली की पलीकडचा काठ लागेपर्यंत डोळे उघडत नाही. बांबोळीच्या इस्पितळातली लिफ्ट तिने अजून आतून पाहिलेली नाही. एवढ्या खेपा झाल्या, त्या सगळ्या जिन्याने. कुत्रं, गडगडाट, अनोळखी नंबरचा फोन, वाऱ्याने आपटलेलं दार, कुणीही यावं आणि आनंदीला घाबरवून जावं.

एका गोष्टीला मात्र ती भीत नाही, ती म्हणजे धूळ. पाळी हा खाणीचा गाव. टिपर ट्रक रस्त्याने गेले की मागे तांबडा धुरळा उठतो आणि तो मग कुणाचं ऐकत नाही. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, झाकलेल्या भातावरसुद्धा बसतो. इतर बायका अधूनमधून हार मानतात. आनंदी मानत नाही. तिच्या कमरेला कायम एक फडकं खोचलेलं असतं आणि तोंडात एकच शब्द, साफ. "मेज साफ केलंय," "दार साफ करूक व्हया," "जरा पाय उचल, साफ करतंय." लग्न होऊन दोडामार्गाकडून ती या गावात आली त्या दिवसापासून साफ म्हणजे तांबडी धूळ पुसणं, दुसरा काही अर्थ तिच्या कानाला माहीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो अनर्थ झाला तो या एका शब्दापायी झाला.

तिचा नवरा रघुनाथ टिपर चालवायचा. आवाज असा खणखणीत, की वरच्या रस्त्यावर ट्रक थांबवून त्याने हाक मारली की खाली न्हाणीत आनंदीला ऐकू यायची आणि शेजारणीलाही. देवळातल्या भजनात उंच सूर लागला की लोक मागे वळून बघायचे नाहीत, गवसच असणार हे ठाऊक असायचं. मग खाणी बंद पडल्या. ट्रक परसात उभा राहिला, त्याच्या चाकाखाली गवत वाढलं, आणि रघुनाथ घरात बसून कंटाळला. खाणीच्या ऑफिसातलं सामान विकायला काढलं होतं, त्यातला एक कॉम्प्युटर तो घेऊन आला. आनंदीचं धाबं दणाणलं. घरात करंटची आणखी एक वस्तू, आणि तीही एवढ्या वायरी असलेली! रघुनाथ हसला. हळूहळू त्याने ते यंत्र वश केलं, एक माइक आणला, आणि दुपारच्या वेळी दार लावून घेऊन त्यात आपली भजनं भरायला लागला. दसऱ्याला आनंदी त्या डब्याला कुंकू लावी, झेंडूचं फूल ठेवी आणि दोन पावलं मागे सरून लांबूनच हात जोडी.

पुढे त्याचा घसा बसला. बसला तो सुटेना. बांबोळीला ऑपरेशन झालं, घशातली गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो, त्यावर पातळ कापड बांधतो. ओठ हलतात, बाहेर येतो तो नुसता वारा. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दिवसा झोपायचा, जेवायला उठायचा, परत भिंतीकडे वळायचा. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्याला मिळालं होतं. त्याने एकदाच ते लावलं आणि मागच्या दारातून बायकोला हाक मारली. तो पत्र्यासारखा आवाज ऐकून आनंदी किंचाळत अंगणात पळाली. शेजारी धावून आले. त्यानंतर ते यंत्र कपाटात गेलं ते गेलंच, आणि ही गोष्ट आनंदीच्या मनाला अजून खाते.

त्याला भिंतीपासून परत फिरवलं ते कॉम्प्युटरने. त्यांचा मुलगा निखिल मुरगावला बंदरात नोकरीला आहे, बायको अंकितासह वास्कोला राहतो. एका रविवारी तो आला आणि सहज म्हणून त्याने बापाचं जुनं भजन लावलं. पलंगावरची पाठ जराशी हलली. दुसरं भजन लागलं तसा रघुनाथ उठून बसला, आणि तिसऱ्याला त्याने खुणेने टाळ मागितले. तेव्हापासून रोज दुपारी तो स्वतःचं गाणं लावतो आणि स्वतःलाच टाळांची साथ करतो. आनंदी स्वयंपाकघरात ऐकत असते. भजन चालू आहे म्हणजे माणूस भिंतीकडे वळलेला नाही, एवढं तिला पुरतं. तिच्या सगळ्या भीतींच्या तळाशी ही एकच खरी भीती आहे: आवाज बंद पडला तर तो पुन्हा वळेल, आणि या वेळी फिरणार नाही.

आता त्याचा आवाज दुसरीकडे कुठे नव्हता का? नव्हता. तेव्हा घरात बटणांचे फोन होते. भजनी मंडळातल्या कुणाच्या मोबाइलमध्ये होता तो घोळक्यातला गलका, त्यात रघुनाथ शोधावा लागे. "एकदा येऊन कॉपी काढतंय," असं निखिल दर चतुर्थीला म्हणायचा आणि मोदक खाऊन परत जायचा. मुलगा वाईट नाही, हो. पण कॉपी काढली नाही ती नाहीच.

यंदा कॉम्प्युटरने मान टाकली. खाणी परत सुरू झाल्या होत्या, ट्रक पळत होते, धुरळा पूर्वीसारखा घरात येत होता. बटण दाबलं की यंत्र कण्हायचं, चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाला तरी चित्र येत नसे. आलं तर भजन अडखळायचं. एकच अक्षर तीनतीनदा, मग शांतता, मग पुढचं. ती शांतता आली की आनंदीचा हात जागच्या जागी थांबायचा.

"आई, त्या जुन्याक किती दिवस ढकलतलंस? नवीनच घेवया," निखिल फोनवर म्हणाला.

"नवीनात ह्यांचो आवाज नसतलो," आनंदी म्हणाली.

"घालूक येता गे तो."

"आणि वाटेत सांडलो तर?"

शेवटी त्यानेच तोड काढली. डबा तोच ठेवायचा, आत एक नवी जलद डिस्क बसवायची, रॅम वाढवायची. अजून कितीतरी वर्षं निघतील. म्हापशाला बसस्टँडजवळ सर्वेश नावाच्या त्याच्या मित्राचं दुकान होतं. आपल्याला सुट्टी नाही, बाबांना धुरळ्यात न्यायचं नाही, तेव्हा तूच घेऊन जा, असं त्याने आईला सांगितलं. आनंदीला डिस्क समजली नाही. रॅमचा राम करून तिने तो मात्र लक्षात ठेवला.

शुक्रवारी ती निघाली. डबा जुन्या चादरीत बांधून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी असा धरला की कंडक्टरने विचारलं, "काकी, बाळ आजारी आसा?" डिचोलीला बस बदलताना तिला वाटलं आता पडतो. म्हापशाच्या अलीकडे गतिरोधकावर बस उडाली तेव्हा तिने डबा छातीशी घेतला आणि स्वतःचं डोकं पुढच्या दांड्यावर आपटू दिलं. टेंगूळ आलं. डब्याला काही झालं नाही.

सर्वेश मुलगा चांगला, बोलका. त्याने स्क्रू काढून डब्याची एक बाजू उघडली आणि तो मागे सरला. आतलं सगळं तांबडं होतं. पंख्याच्या पात्यांवर तांबड्या धुळीचा थर, तारांवर थर, तळाशी तर मूठभर माती.

"काकी, हांगा तर अख्खी खणच आसा," तो म्हणाला.

डब्यात अख्खी खाण म्हटल्यावर दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. आनंदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर जिने धुळीचा कण ठेवला नाही तिच्याच घरातल्या डब्यात ही माती! वरून रोज पुसत होती ती, पण आत हात घालायची हिंमत कधी झाली नव्हती. सर्वेश म्हणाला, वेळ लागेल, बाजार करून या, मी फोन करतो.

शुक्रवारच्या बाजारात ती फिरली, पण तिचं लक्ष नव्हतं. सुक्या मिरच्यांच्या राशी, केळ्यांचे घड, पावाच्या टोपल्या, सगळ्यातून चालताना तिच्या डोळ्यांसमोर ती तांबडी माती होती. मिरच्यावालीशी घासाघीस करायलाही तिला सुचलं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"काकी, नवी डिस्क बसयली. आतां फास्ट धांवता. जुनीय भितरच दवरतां, ती उपकारता. पूण कोयर मस्त भरला मगे तातूंत. जुनें सगळें साफ करूं?"

गर्दीच्या गोंगाटात आनंदीला दोनच शब्द नीट ऐकू आले. कोयर, म्हणजे कचरा, आणि साफ.

"कर रे बाबा, कर. जरासुदीक ठेवू नको," ती म्हणाली.

"सगळें मगे? मागीर म्हाका सांगूं नाकात."

"एक कण रवता कामा नये."

आयुष्यात प्रत्येक गोष्ट भीतभीत बोलणाऱ्या या बाईने एवढं एकच वाक्य बेधडक बोलून टाकलं. फोन ठेवल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं. मग तिने केळी घेतली.

दुकानात परतली तेव्हा डबा लखलखीत होता. सर्वेशने बटण दाबलं आणि आनंदीने श्वास घेईपर्यंत चित्र उमटलं. निळं, नवं, कोरं. रघुनाथच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक पिवळी पेटी दिसायची. त्या पेटीवर दोनदा टिचकी मारली की भजनं, एवढंच कॉम्प्युटरचं ज्ञान आनंदीला होतं. ती कोपऱ्याकडे बघत राहिली.

"पेटी खंय?" तिने विचारलं.

"खंयची पेटी?"

"ह्यांची. भजनांची."

सर्वेशचा हात माउसवर थांबला. "काकी, हांवें विचारलें न्हय तुमकां? जुनें सगळें साफ करूं म्हणून?"

"अरे, मी धूळ म्हटलंय," आनंदी म्हणाली.

आनंदी तिथल्या स्टुलावर बसली आणि केळी खाली घरंगळली. काय गेलंय ते तिने सांगितलं. सांगताना ती रडली नाही. भीती इतकी मोठी होती की रडायला जागाच नव्हती. सर्वेशने लगेच यंत्र बंद केलं, आतच ठेवलेली जुनी डिस्क बाहेर काढली आणि ती वेगळ्या छोट्या डब्यात ठेवली. मग तो तिला समजावू लागला. पुसलं म्हणजे लगेच जात नाही, वरून पाटी कोरी दिसते, खाली अक्षरं असतात. त्यावर दुसरं काही लिहिलं नाही तर थोडंफार वर काढता येतं. वेळ लागेल. सगळं मिळेल असा शब्द देत नाही.

"थोडाफार म्हणजे किती?" आनंदीने विचारलं.

त्याने त्या छोट्या डब्यावर पेनाने 'गवस' लिहिलं आणि तो कपाटात ठेवला.

रिकामा, चपळ डबा मांडीवर घेऊन ती परत निघाली. या वेळी तिने तो नुसता टेकवून ठेवला होता. बसमधला प्रत्येक थांबा तिला लवकर आल्यासारखा वाटत होता. रघुनाथ रागावेल याची भीती नव्हती. तो कधी रागावलाच नव्हता, आणि आता तर रागवायला आवाज नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. घराच्या जनेलात तो उभाच होता. त्याने अंगठा वर करून विचारलं, झालं?

"बरा झाला," आनंदी म्हणाली. "पण आज लावू नको म्हणान सांगल्यान. व्होल्टेज कमी आसा."

रघुनाथने वर दिव्याकडे पाहिलं. दिवा ढणढणीत जळत होता.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारी कपडे धूत असताना आतून ओळखीची किणकिण ऐकू आली. कॉम्प्युटर सुरू झाल्याची. सगळ्या वायरी त्याने स्वतःच जोडल्या होत्या. आनंदी हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली. पाणी पायांवर ठिबकत होतं आणि तिला आत जायचं धैर्य होत नव्हतं. मग पेल्यावर चमच्याचा आवाज आला. तिला बोलवायची त्याची ती खूण होती, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवणं. ती गेली. पडद्यावर त्याने मोठ्या अक्षरांत टाइप केलं होतं: भजनां खंय?

तिने सगळं सांगितलं. सर्वेश, फोन, बाजारातला गोंगाट, कोयर, धूळ, साफ. एकही शब्द लपवला नाही. रघुनाथ ऐकत होता. मग त्याने यंत्र बंद केलं, त्यावर कापडी झाकण घातलं, झाकणाच्या कडा नीट सारख्या केल्या आणि जाऊन जनेलाजवळच्या खुर्चीत बसला. त्याचं तोंड बाहेर होतं, भिंतीकडे नव्हतं, म्हणून आनंदीने क्षणभर देवाचे आभार मानले. पण त्या जनेलाबाहेर बघायला शेजाऱ्यांची भिंतच होती.

मग जे दिवस आले ते तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. तो जेवायचा, पण दुसऱ्यांदा वाढलेलं ताटात राहायचं. टाळ खुंटीवर होते ते खुंटीवरच राहिले. सगळ्यात वाईट म्हणजे चमचा वाजेनासा झाला. आनंदीने पेला घासून पुसून त्याच्या हाताशी ठेवला, चमचाही ठेवला. तहान लागली की तो स्वतः उठून पाणी घेई. पूर्वी त्या टणटणाटाने ती वैतागायची, आता कान लावून बसायची. भाजी चिरता चिरता दाराशी येऊन डोकावून जायची. पाठ दिसली की तिथेच थांबून राहायची, तोंड दिसलं की भाजीकडे परत फिरायची. घरात दोन माणसं आणि आवाज एकाचाही नाही. तिचीही बोलायची हिंमत सरली होती. निखिलने फोनवर बापाला दहा वेळा माफ कर म्हटलं, आईलाही म्हटलं. कॉपी न काढल्याची चूक त्याला आता समजली होती, पण आता समजून काय उपयोग!

एका सकाळी फोन वाजला. पडद्यावर सर्वेशचं नाव. आनंदी ते बघत उभी राहिली. उचलला तर कळणार होतं, आणि कळेपर्यंत निदान काहीतरी शिल्लक होतं. फोन वाजून वाजून थांबला. परत वाजू लागला. तेव्हा रघुनाथ उठून आला, त्याने फोन उचलून बटण दाबलं आणि तो बायकोच्या हातात दिला.

या वेळी तो तिच्याबरोबर गेला. गळ्यावर दुहेरी कापड, वर रुमाल. कितीतरी काळाने तो बसमध्ये चढत होता आणि वाटेत कुणी खोकलं, कुणी बिडी काढली, की आनंदी आपला पदर त्याच्या गळ्यापुढे धरत होती. दुकानात सर्वेशने त्याला खुर्ची दिली आणि कानांना हेडफोन लावला. आनंदीला काहीच ऐकू येत नव्हतं. ती फक्त नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो ऐकायचा, बोटाने पुढे म्हणायचा, परत ऐकायचा, परत पुढे.

शेवटी सर्वेशनेच सांगितलं. पाच-सहा भजनं धड निघाली. बाकीची तुटली, सुरुवात आहे तर शेवट नाही, मधेच खरखर. नावं सगळ्यांचीच गेली. त्याने बारीक तुकड्यांची वेगळी पेटी करून दिली होती.

"हे ल्हान कुडके पळयात घरा," तो रघुनाथला म्हणाला. "तुमीं पयलीं केन्ना काडून उडयल्लें आसतलें, तेंय वयर आयलां. नाका तें उडयात."

म्हणजे पुसलेलं वर काढताना, रघुनाथने पूर्वी कधीतरी नको म्हणून स्वतः टाकून दिलेलंही वर आलं होतं. जाळ्यात मासळीबरोबर शेवाळही यावं तसं. रघुनाथने मान हलवली आणि हात जोडले. सर्वेशने या वेळी सगळ्याची कॉपी काढून एक पेनड्राइव्ह आनंदीच्या हातात ठेवला. तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ तीनदा तपासली.

घरी येताना ती विचार करत होती. पाच-सहा. रोज तीच तीच पाच-सहा भजनं ऐकून माणूस किती दिवस टाळ वाजवील? तुटलेल्यांची खरखर ऐकली की त्याला काय वाटेल? हे नुसतं लांबलं आहे, टळलेलं नाही, असंच तिच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर रघुनाथ कॉम्प्युटरपाशी बसला. आनंदी संध्याकाळच्या आमटीसाठी आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ किसायला बसली आणि भजनाची वाट बघू लागली. भजन लागलं नाही. ती हळू किसू लागली, म्हणजे ऐकू येईल. काही नाही. बाहेर ट्रकसुद्धा जात नव्हते, भर दुपार, सगळीकडे सामसूम. पाहायला जावं असं तिला वाटत होतं आणि उठवत नव्हतं. जाऊन पाहिलं आणि तो पलंगावर असला तर? भिंतीकडे तोंड करून असला तर?

"आनंदी!"

तिच्या हातातली वाटी सुटली.

"आनंदी, गे आनंदी! हंयसर ये बघूया."

त्याचा आवाज. तोच, वरच्या रस्त्यावरून यायचा तो, खणखणीत. लहानपणापासून आईने बजावलेलं होतं, भर दुपारी नाव घेऊन हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ती माणसाची असेलच असं नाही. आणि जो माणूस बोलूच शकत नाही त्याची हाक कधी येते? तो गेला, असंच तिला वाटलं. खुर्चीत बसल्या बसल्या गेला आणि जाताना आवाज परत मिळाला. ती ओरडणार होती, पण आता आपलाही आवाज फुटत नाही असं तिच्या लक्षात आलं. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली.

रघुनाथ खुर्चीत होता. जिवंत. हात माउसवर, मान तिरपी करून दाराकडेच बघत होता. आवाज स्पीकरमधून येत होता.

"भिया नको गे, ह्या काय चावणा नाय तुका."

आणि मग लांबून, त्याच स्पीकरमधून, एका बाईचा आवाज आला. आनंदीला तो ओळखायला वेळ लागला. तिचाच होता. "माझे हात ओले आसत! करंट लागात!" त्यावर रघुनाथचा हसण्याचा आवाज, पोटातून आलेला, मोठा, आणि माइकवर काहीतरी आपटून सगळं बंद.

माइक आणला त्या दिवसाचं ते होतं. चालतोय का बघायला त्याने बडबड केली होती आणि कामाचं नाही म्हणून पुसूनही टाकली होती. आनंदी दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत, आणि रडत होती. भीतीने नव्हे. भजनांतून तिने त्याचा आवाज रोज ऐकला होता, पण तो देवासाठी होता. तिचं नाव घेऊन त्या आवाजात इतकी वर्षं कुणी हाक मारली नव्हती, आणि ते आपल्याला हवं आहे हेही तिला माहीत नव्हतं. रघुनाथचे खांदे हलत होते. तो हसत होता, आवाजाशिवाय.

आता त्या घरात पेल्यावर चमचा वाजत नाही. पाणी हवं असलं, कापड बदलायचं असलं, किंवा काहीच नको असलं तरी रघुनाथ माउस दाबतो आणि घरभर हाक जाते. शेजारीण पहिल्यांदा दचकली, आता सवय झाली. कॉम्प्युटर झटकन सुरू होतो, हाक अडखळत नाही. आनंदी मात्र पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाही. हातातलं काम थांबवून उभी राहते, दुसरी हाक आली की मग "येतंय" म्हणते आणि जाते. का गं, असं शेजारणीने एकदा विचारलं, तर म्हणाली, भीती वाटते.